सत्तर मिनिटांचा हंगाम

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. चकलीबरोबर विनोद चालतो, कथा चालते, राशिभविष्य तर हवेच; पण कुणी तक्रार मांडू लागला की वाचक पान उलटतो. तरीही मी आज फुटबॉलवरून भांडायला बसलो आहे. ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारे मूल आहे, त्यांनी तरी पान उलटू नये.

माझे म्हणणे असे की, कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने खेळवतात, ती पद्धत निदान पहिल्या फेरीपुरती टाकून द्यावी.

हिशेब साधा आहे. १६ संघ उतरले की पहिल्या फेरीतच ८ संघ घरी जातात. १५ सामन्यांत सारा कारभार आटोपतो आणि आयोजक हात झटकून मोकळे होतात. पण त्या ८ संघांचे वर्ष एका सामन्यात संपते, त्याचे काय?

आमच्या दिघीचेच सांगतो. राजपुरी खाडीच्या मुखाशी आमचे गाव. समोर जंजिरा, पलीकडे आगरदांडा. माझा भाचा आणि त्याचे चार सोबती गेल्या पावसाळ्यात आपल्या कॉलेजच्या संघात होते. सपाट मैदान जवळपास नाही, म्हणून पोरे आदगावच्या पुळणीवर ओहोटीला सराव करीत. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडच्या कोळ्यांचे गणित. पुनव-अवसेच्या आगेमागे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी चढलेले, म्हणजे सुट्टी. फुटबॉलचा सराव पंचांगावर चालणारे दुसरे गाव कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवावे! गोलाचे खांब पोफळीचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या बागा झोपवल्या, त्यातली ही खोडे.

असा दोन महिने सराव झाला. मग एके दिवशी पहाटे चारला उठून, भर पावसात, मुले जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. ७० मिनिटे चिखलात खेळली. गोल झाला नाही, खाल्लाही नाही. पेनल्टीवर हरली आणि रात्री अकराला परत आली. झाला हंगाम! आमच्या गोलरक्षकाने खेळ चालू असताना एकही चेंडू आत जाऊ दिला नव्हता, आणि तरी त्याला पुढल्या पावसाळ्यापर्यंत घरी बसायचे होते. त्याचे तर कॉलेजचे ते शेवटचे वर्ष.

माझे एक स्नेही अशा स्पर्धांच्या कामात असतात. ते म्हणाले, "अहो नाना, हरलं की घरी जायचं, हाच तर खेळ!"

मी म्हटले, "अहो, हा खेळ नव्हे, ही सोडत झाली. पोरांना आपली चूक दुरुस्त करायला दुसरा सामना तरी द्याल की नाही?"

ज्या इंग्रजांकडून आपण हा खेळ घेतला, त्यांनाही हे उमगले होते. त्यांचा एफ.ए. कप १८७१ साली सुरू झाला, तो बाद पद्धतीचा. पुढे क्लबांना दिसले की कपातून बाहेर पडल्यावर नेमाचे सामनेच उरत नाहीत. मग अॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरने पुढाकार घेतला आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची साखळी सुरू झाली. प्रत्येकाला २२ सामने! कपही राहिला, साखळीही राहिली.

इतक्या दूर कशाला, कोल्हापूर पाहा. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार हे संघ पेठापेठांच्या अभिमानाने शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि तिथे साखळी आहे. आज हरलेला संघ पुढे पुन्हा मैदानात दिसतो. त्याचे चाहतेही दिसतात, जरा अधिकच आवाज करीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

त्याच विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले, आणि त्याआधी सप्टेंबरात महाराष्ट्रभर शाळाशाळांतून एक दिवस लाखो मुलांना फुटबॉल खेळवले गेले. छान झाले. पण एका दिवसाने खेळ रुजत नाही. श्रावणातल्या एका सोमवारने वर्षभराचा उपास होत नाही, तसेच हे.

आता पावसाचे. मुंबईच्या मैदानांवर हिवाळा क्रिकेटचा आणि पावसाळा फुटबॉलचा, अशी जुनी वाटणी आहे. ती मुंबईपुरती ठीक. आमच्या किनाऱ्यावर दर्या खवळला की लाँच सुटत नाही, आणि आगरदांड्याला जायला म्हसळ्यावरून अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो. आमच्याकडचे सामने डिसेंबर-जानेवारीत का नसावेत? मैदान कोरडे, रस्ते मोकळे. परीक्षांचे वेळापत्रक आडवे येते म्हणतात. ते ठरवणारी माणसे काही चंद्रावर राहत नाहीत.

कोकण म्हणजे कबड्डी, असेही मला ऐकवले गेले. कबड्डी मलाही आवडते. एका घरात दोन मुले नांदत नाहीत काय?

राहिला पैसा. ४ संघांचा एक, असे ४ गट केले तर गटांचे २४ सामने होतात. त्यावर प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघांची बाद फेरी, तिचे ७. एकूण ३१. म्हणजे पंच दुप्पट, चुना दुप्पट, हे कबूल. पण एक गट एकाच गावी तीन दिवसांत आटोपता येतो, तेव्हा प्रवास एकदाच. मुक्कामाला कॉलेजचे वर्ग आहेत, सतरंज्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुले तशीच झोपतात. जेवणाची अडचण असेल तर एक गट आमच्याकडे द्या. भात-मासळी दिघीकर घालतील. तारीख मात्र पुनवेच्या आसपासची धरा. अष्टमीला संध्याकाळी आमच्या मैदानात पाणी असते.