बेद आणि वाळुंज

आठवीच्या वर्गात आम्ही उर्दूचा तास घेत होतो. धड्यात 'बेद-ए-मजनूं' हा शब्द आला. आम्ही अर्थ सांगितला : पाण्याकाठचं झाड, मजनूच्या मोकळ्या केसांसारख्या फांद्या खाली सोडणारं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही पाहिलंय?" आम्ही "नाही" म्हणालो आणि पुढचं वाचायला घेतलं.

सुट्टीत कराडला मामूंकडे गेलो. कृष्णेच्या काठी चिखलात पाय रोवून एक जुनं झाड उभं होतं. पानं लांबट, खालून पांढुरकी. मामूं म्हणाले, "हे वाळुंज. तुझी नानी याच्याच सावलीत धुणं धुवायची. तेव्हा इथं रांग होती, आता हे एकच उरलंय."

घरी येऊन वनस्पतींचं पुस्तक उघडलं. वाळुंजाचं शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा, बेद-ए-मजनूंचं सॅलिक्स बॅबिलोनिका. म्हणजे दोघं चुलतभाऊ! ज्याचा अर्क युनानी हकीम देतात तो बेदमुश्कही याच घराण्यातला, आणि काश्मिरी बॅटीचं लाकूडही. बेद-ए-मजनूं मूळचा चीनचा. वाळुंज मात्र इथलंच.

पाण्यात उभं राहणं हा या झाडाचा स्वभाव. पूर आला तरी ते सहसा कुजत नाही. मुळांच्या जाळीनं काठची माती धरून ठेवतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. एवढा महापूर कुठलंही झाड अडवू शकत नाही. पण पाणी ओसरताना काठ ढासळतो, शेताची माती नदीत जाते, तेव्हा अशा मुळांची किंमत कळते.

मग झाडं कमी का होतात? वाळुंजाचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडणारं, पण फार दिवस जगत नाही. त्याला लगेच ओली, मोकळी माती लागते. आपण काठापर्यंत नांगर नेला, उरलेल्या जागी दगड बसवले. बी पडतं, पण रुजायला जागा नाही. शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकटं उरलेलं झाड बी धरणार कसं?

उपाय सोपा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढी जाड फांदी ओल्या काठात खोचली, की बहुधा मूळ धरते. फक्त सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या नकोत. ज्यांची शेतं ओढ्याला किंवा नदीला लागून आहेत, त्यांनी यंदा एवढं करावं. पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपावं.

शाळा उघडल्यावर आम्ही वर्गात चूक दुरुस्त केली. "बेद-ए-मजनूं नाही, पण त्याचा भाऊ पाहिलाय. कृष्णेकाठी राहतो." आता मुलांना तो पाहायचा आहे. आम्ही त्यांना नेईपर्यंत मामूंच्या काठावरचं ते झाड टिकलं पाहिजे.