भाडेकरूची हवेली

'गालिबची हवेली' हे नावच मुळात फसवे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिर्झा गालिबने उभ्या आयुष्यात स्वतःचे घर केले नाही. 27 डिसेंबर 1797 ला आग्र्यात जन्मला, दिल्लीत आला आणि भाड्याच्या घरांत राहिला. अडकलेल्या पेन्शनसाठी थेट कलकत्ता गाठले; पदरात काही पडले नाही. जुन्या दिल्लीत बल्लीमारानच्या गल्ली कासिमजानमधले हे घर त्याचे शेवटचे. 15 फेब्रुवारी 1869 रोजी तो गेला. त्याच्या पत्रांत पावसात गळणारे छत आहे, उधारी आहे, 1857 नंतर उजाड झालेल्या दिल्लीचा मातम आहे. त्याच्या नावाला 'हवेली' चिकटवली की पर्यटक खूश होतो आणि गळके छत विसरले जाते.

1999 पर्यंत या वास्तूत हीटर बनवण्याचा कारखाना चालत होता! लोकांना कोर्टात जावे लागले, तेव्हा सरकारला जाग आली. तीही अर्धीमुर्धी. पूर्ण वास्तू नव्हे, तिचा एक तुकडा ताब्यात घेतला आणि 27 डिसेंबर 2000 रोजी स्मारक खुले केले.

आत हुक्का ओढणारा गालिबचा पुतळा आहे, पोशाख आहे, चौसर आहे, भिंतींवर शेर आहेत. 2010 मध्ये गुलजार यांनी दिलेला अर्धपुतळा तिथे बसला. तो घडवला आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी. याचा आम्हाला अभिमान आहे. आमचे भांडण पुतळ्याशी नाही. भिंतीवरचा शेर ज्याला वाचता येत नाही तो फोटो काढतो आणि निघून जातो, त्याला वाचायला बसवण्याची सोय कुणी करायची, हा आमचा सवाल आहे.

आम्ही उर्दू शाळांचे मास्तर. आम्हाला गालिब वर्गात शिकवावा लागतो, म्हणून गझलेपेक्षा त्याची पत्रे आम्हाला जवळची. 'ऊद-ए-हिंदी' 1868 मध्ये निघाले, 'उर्दू-ए-मुअल्ला' त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी. समोर बसून गप्पा माराव्यात तशी पत्रे! उर्दू गद्याने बोजड, नटवी भाषा टाकून बोलायला सुरुवात केली ती इथून. आठवीतल्या मुलालाही ती कळतात, तो हसतोसुद्धा. त्या घरात खरे जपायचे ते हे होते. हुक्का कुणाचाही असू शकतो.

आपल्या कोकणात मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर पाहावे. कोकण मराठी साहित्य परिषदेने 1994 मध्ये ते स्मारक उभे केले. तिथे त्यांच्या कविता दगडावर कोरलेल्या आहेत, पुस्तकांचे दालन आहे. घराला कविता लागते हे तिथल्या लोकांना कळले. मग दिल्लीला का कळू नये?

आणि 'सरकारने केले ना स्मारक, आणखी काय हवे?' असे विचारणाऱ्या आपल्यातल्या मोठ्या माणसांनाही एक विचारतो. दिल्लीचे स्मारक उघडून सव्वा वर्ष होत नाही तोच, 2002 च्या दंगलीत, अहमदाबादेत पोलीस आयुक्तालयाजवळची वलीची मजार पाडली गेली आणि तिच्यावर डांबरी रस्ता झाला. वली म्हणजे ज्याला आपण औरंगाबादचा म्हणतो तो, गालिबच्या जन्माच्याही कितीतरी आधी गेलेला. तेव्हा यातले किती जण बोलले? मुशायऱ्यात 'वाह वाह' करायची, घरच्या मुलाला अलिफ-बे शिकवायचे नाही आणि उर्दू शाळेची पटसंख्या घटली की मास्तरांना दोष द्यायचा. ही कुठली मोहब्बत?

आग्र्यात गालिबच्या जन्मघराच्या जागी आज मुलींची शाळा आहे. अनेकांना त्याचे दुःख होते. आम्हाला तितकेसे होत नाही. निदान तिथे पोरी शिकतात तरी.

गल्ली कासिमजानमध्ये फार काही लागणार नाही. दोन बाकडी, पत्रांच्या दहा-वीस प्रती, बाजूला त्याच पत्रांचे नागरी लिप्यंतर, आणि संध्याकाळी तासभर मोहल्ल्यातल्या मुलांना व येणाऱ्या पाहुण्यांना अक्षरे गिरवून देणारा एक मास्तर. पुतळे आहेत तिथेच राहू देत.