इंजिन काढण्याआधी हिशेब मांडा

ज्यांच्या शिडाच्या होडीतलं डिझेल इंजिन शेवटच्या घटका मोजतंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. इंजिन ठणठणीत असेल, तर त्याला हात लावू नका. चालतं इंजिन भंगारात घालून पैसे वाचत नाहीत. जाळी ओढणाऱ्या, रात्र समुद्रात काढणाऱ्या बोटीचा तर हा विषयच नाही. इथे गोष्ट आहे वीस-पंचवीस फुटी होडीची. ती वाऱ्यावर चालते, इंजिन लागतं ते जेटीवरून सुटायला आणि वारा पडला की घरी यायला.

बहुतेक जण अडतात ते अश्वशक्तीपाशी. दहा अश्वशक्तीचं इंजिन काढलं म्हणून साडेसात किलोवॅटची मोटर मागायची आणि तिला पुरेल अशा बॅटरीची किंमत ऐकून बेत गुंडाळायचा! पण तेवढी ताकद होडीला क्वचितच लागते. वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट शक्ती द्यावी लागते. दोन टनांची पंचवीस फुटी होडी शांत पाण्यात चार नॉट वेगाने न्यायला दीड किलोवॅटच्या आसपास पुरतात. तीच सहा नॉटला पळवायची तर पाच-सहा किलोवॅट जातात. गेटवे ते मांडवा १२-१४ किलोमीटर धरा. पूर्ण अंतर मोटरवर कापलंत तरी चार नॉटने दोन तास, म्हणजे तीन युनिट वीज. पाच युनिटची बॅटरी घेतलीत तर पोहोचल्यावरही दोन युनिट गाठीला राहतात. म्हणून एक मोसमभर इंजिन दर वेळी किती मिनिटं चाललं ते वहीत लिहा. बॅटरी त्या वहीवरून घ्यायची, दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे.

केरळात वैक्कम ते तवणकडवू या जलमार्गावर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट जानेवारी २०१७ पासून धावू लागली, तीही याच हिशेबावर: अंतर थोडं, वेग बेताचा.

खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० अँपिअर-तासाचे १६ सेल एका ओळीत जोडले की ५१ व्होल्ट आणि पाच युनिट मिळतात, वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. लेड-ॲसिड स्वस्त दिसते; पण तिच्यातली निम्मीच वीज काढायची, आणि तेवढ्याच कामासाठी दोनशे किलोंहून जास्त वजन होडीत घालायचं. मला तो सौदा पटत नाही.

मोटर मात्र स्वस्तात मिळते. ई-रिक्षांमुळे ४८ व्होल्टच्या मोटरी आणि कंट्रोलर तालुक्याच्या गावातही मिळू लागलेत. त्या खाऱ्या हवेसाठी बनलेल्या नसतात, तेव्हा कोरड्या, झाकलेल्या पण हवा खेळत्या जागी बसवा. मोटर मिनिटाला तीन हजार फेरे घेते, पंख्याला हजारभर पुरतात. मध्ये दातेरी पट्टा आणि लहान-मोठ्या पुल्या घाला.

आता खरी मेख. पंखा पाणी मागे ढकलतो, तेव्हा तो शाफ्टला तेवढ्याच जोराने पुढे रेटतो. डिझेलला हा रेटा बहुधा गिअरबॉक्स झेलतो. गिअरबॉक्स काढलात की रेटा थेट मोटरवर येतो, आणि रिक्षाच्या मोटरचं बेअरिंग काही त्यासाठी केलेलं नसतं. शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग हवंच, तेही इंजिनाच्या बेडला जाड पट्टीवर बोल्टने आवळलेलं. खर्च वाचवायला हे गाळलंत, तर मोटर लवकरच कुरकुरू लागेल.

दुसरी जागा फ्यूजची. ४८ व्होल्टचा झटका सहसा जोराचा बसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटून लाल होतो. डीसीचा फ्यूज धन टोकापासून वीतभर अंतरात लावा. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही, त्याला डीसीची ठिणगी विझवता येत नाही. मोटर बंद करायचा मुख्य स्विच सुकाणूपाशी, हाताला येईल असा ठेवा.

चारशे वॅटचं एक सौर पॅनल उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. रविवारी वापरून आठवडाभर उभी राहणारी होडी त्यावर आरामात भरते.

काही गोष्टी मात्र मोटर करणार नाही. खाडीच्या तोंडाशी उधाणाची ओहोटी तीन नॉटने सुटलेली असताना चार नॉटची होडी जागच्या जागी हलल्यासारखी दिसते. भरतीचं वेळापत्रक पाहून निघा. सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर जा, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत या. नांगर आणि वल्ही होडीत असू द्या.

होडीत प्रवासी घेत असाल, तर एकही बोल्ट सैल करण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन लेखी विचारा. इंजिन बदललं की नोंदणीचा आणि सर्वेक्षणाचा प्रश्न येतो.

या पावसाळ्यात होडी वर ओढलीत की इंजिन शाफ्टपासून सोडवून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. एका जागी अडत असेल, तर तो वाकलेला किंवा बेअरिंग खाल्लेलं आहे. ते आधी सरळ करून घ्या, मोटर त्यानंतर विकत आणा.