कुणाचं गाणं, कुणाच्या नावावर

माझ्या भाच्याचा मेटल बँड आहे. हे वाचून सहानुभूतीची पत्रं पाठवू नका. चौथ्या मजल्यावरच्या ड्रिलमशीनवर लिहिलं होतं तेव्हाची अजून वाचून व्हायची आहेत.

तर चिरंजीवांनी पहिलीवहिली चार गाणी रेकॉर्ड केली. दोन स्वतःची, दोन उसनी. उसनी कुठली, हे कुठेही लिहिलेलं नाही. ताईने चारही ऐकली, कानातली बोटं काढली आणि नेमकं एक उसनं गाणं उचलून म्हणाली, ‘‘हे मात्र तुझं फार छान जमलंय हो.’’ चिरंजीव मान खाली घालून लाजले. लाजले, पण बोलले नाहीत!

मी खडसावलं तर म्हणतो, ‘‘मामा, मेटॅलिकानेही हेच केलं होतं.’’

ते खरं आहे, हीच तर पंचाईत. 1982 मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास ही पोरं वाजवायला लागली तेव्हा स्वतःची गाणी दोन-तीनच. उरलेला वेळ डायमंड हेडसारख्या ब्रिटिश बँडांच्या गाण्यांवर काढायचे आणि ती कुणाची हे सांगायचे नाहीत. पण 1984 च्या ‘क्रीपिंग डेथ’ या रेकॉर्डवर एका बाजूला स्वतःचं गाणं, दुसऱ्या बाजूला डायमंड हेडचं ‘अ‍ॅम आय ईव्हिल?’ आणि ब्लिट्झक्रीग बँडचं ‘ब्लिट्झक्रीग’, असा सरळ कारभार होता. पुढे मेटॅलिकाने गायलेल्या आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीचा डायमंड हेडच्या ब्रायन टॅटलरला चांगला हातभार लागला. गंमत म्हणजे टॅटलर मंडळींचा 1980 चा मूळ अल्बम कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात निघाला होता. वर ना नाव, ना गाण्यांची यादी. फक्त बँडमधल्या कुणा एकाची सही. आता बोला!

मी भाच्यापुढे आजोबांची ‘संगीत सौभद्र’ची प्रत आपटली. शिवण सुटलेली, पानांना कुंकवाचा की हळदीचा डाग. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात चाल कुठली ते छापलेलं. किर्लोस्करांना कमीपणा वाटला नाही आणि तिकीट काढून आलेल्यांचंही काही अडलं नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मात्र दर वर्षी एक गृहस्थ ‘स्वरचित’ म्हणून आरती म्हणतात आणि तिसऱ्या ओळीला अख्खा मांडव सिनेमातलं मूळ गाणं गुणगुणायला लागतो. प्रसाद त्यांच्याच घरचा असतो, म्हणून सगळे गप्प.

भाच्याने प्रत चाळली आणि उलट मलाच शिकवलं. म्हणे ‘अ‍ॅम आय ईव्हिल?’ची ती धडामधूम सुरुवातही गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’वरून आलेली आहे. होल्स्ट म्हणजे ‘प्लॅनेट्स’वाला, नवग्रहांतल्या मंगळाला पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पाच मात्रांवर कूच करायला लावणारा इंग्रज. या गृहस्थाने लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातली सूक्तं स्वतः इंग्रजीत आणून त्यांना चाली लावल्या आणि महाभारतातली गोष्ट घेऊन ‘सावित्री’ नावाचा ऑपेरा लिहिला. पात्रं तीन: सावित्री, सत्यवान, मृत्यू. सगळा मामला अर्ध्या तासात आटोपतो. आपल्या संगीत नाटकात तेवढ्या वेळात नांदी संपून सूत्रधाराला जेमतेम नटी भेटली असती.

ही बातमी मी ताईला सांगायला नको होती. तिचं महिला मंडळ वटपौर्णिमेला दर वर्षी ‘काहीतरी वेगळं’ शोधत असतं. तिने तिथल्या तिथे भाच्याला कामाला लावलं: अर्धा तास, तीन पात्रं, हॉल फुकट, वर उपवासाची खिचडी. बँड चक्क तयार झाला. सावित्रीला ताईच्या भिशीतल्या एक काकू मिळाल्या, सत्यवानाला बहुतेक वेळ पडूनच राहायचं असल्यामुळे ड्रमवाल्याचा धाकटा भाऊ चालला. अडलंय ते यमावर. ते घशातून गुरगुरायचं काम बँडमधल्या चौघांनाही हवंय आणि दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाहीये.