टाकी उचलण्यापूर्वी पेट्रोलची नळी

पावसाळा सरला की पडवीत उभ्या राहिलेल्या फटफटीची दुखणी बाहेर येतात. कणकवलीच्या आसपास, कळमठ असो वा फोंडाघाट, त्यातले एक हमखास असते: टाकीखालच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. त्या जोडायच्या तर टाकी हलवावी लागते. गॅरेज बाजारात आणि गाडी घरी, मग घरचाच कोणी पान्हा घेऊन बसतो. खुशाल बसावे. पण टाकीला पेट्रोलची नळी जोडलेली असते, आणि ती ओढली की काय होते याचा विचार आधी करावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी सरकते आणि ठिणगी शोधत जाते. म्हणून हे काम पडवीत नको, भर उजेडी खळ्यात करा. न्हाणीची चूल, देवघरातली समई, शेजाऱ्याची विडी, सगळे लांब. बादलीभर कोरडी माती किंवा वाळू हाताशी ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग आणखी पसरते.

जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असतो. तो बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. कार्बोरेटरमधले पेट्रोल संपले की काही मिनिटांत ते आपोआप बंद पडेल. पडलेच नाही तर समजा की कॉक गळका आहे. अशा वेळी आधी टाकी रिकामी करायला हवी. ही तपासणी फुकटची आहे आणि फार थोडे लोक करतात. मग इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची काळी वायर काढा.

आता नळी. क्लिपचे दोन्ही कान पकडीने दाबून ती मागे सरकवा. नळी सरळ ओढू नका, बोटांनी डावी-उजवी पिळत सैल करा. पेचकसाने उचकटलीत तर कार्बोरेटरची तोटीच हलेल. नळी कडक होऊन चिकटलीच असेल तर पात्याने हळूच चीर देऊन काढा; नवी नळी स्वस्त, तोटी नव्हे. नवी घेताना इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारी मागा, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. खाली डबा धरा, दोन-चार थेंब येणारच. टाकी उचलण्याआधी काट्याची वायर आणि हवेची बारीक नळी असल्यास तीही सोडवा.

पेट्रोल काढताना तोंडाने ओढण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडा. एक घोट फुप्फुसात गेला तर माणूस दगावू शकतो. असे घडलेच तर उलटी करवू नका, तडक कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. आणि पेट्रोल सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरे विचारून पीत नाहीत.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कॉकच नाही. चावी फिरवली की टाकीतला पंप गुणगुणतो, आणि नळीत हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट दाब असतो. इंजिन बंद केले तरी तो लगेच उतरत नाही. नळी सोडलीत तर पेट्रोल डोळ्यांत उडेल. अशी गाडी मिस्त्रीकडेच न्यावी असे माझे मत. 

परत बसवताना नळी टाकीखाली चिमटली नाही ना, इंजिनाच्या पंख्यांना टेकली नाही ना, हे पाहा. क्लिप जागी आल्यावर कॉक उघडा आणि पाच मिनिटे नुसते बघत बसा. जोड कोरडा राहिला तरच बॅटरीची वायर जोडून किक मारा.