तेलाचा माग

भिंतीला ओल जेथें दिसते तेथेंच छप्पर गळत असतें असें नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. परंतु मोटारीच्या बाबतींत हें शहाणपण आपण सहज विसरतों; निदान आम्ही तरी विसरलों होतों.

आमच्या एकत्र कुटुंबांत डिझेलवर चालणारी एक जुनी गाडी आहे. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर तिची नोंदणी आणखी 5 वर्षांकरितां वाढवून घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर ती उभ्या जागीं थरथरूं लागली, आणि चालकापुढील पिवळा दिवा पेटूं लागला. शहरांतील एका कारखान्यांत इंजिनाचें झांकण उघडलें, तों इंजेक्टरांच्या कनेक्टरांवर, म्हणजे त्यांस वीज पोंचविणाऱ्या वायरींच्या टोप्यांवर, काळसर तेल दिसलें. लगेच निकाल मिळाला : चारी इंजेक्टर बदला! खर्चाचा आंकडा ऐकून घरांत दोन पक्ष पडले. धाकटे म्हणाले, गाडी भंगारांत घाला. थोरले म्हणाले, शेवटच्या दुखण्यांत आपल्या वडिलांना ज्या गाडीनें दवाखान्यांत नेलें-आणलें, ती अशी कशी टाकावी? निर्णय होईना. तुळजापुरास देवीचें दर्शन घेऊन आल्यावर काय तें ठरवूं, असें म्हणून आम्ही निघालों.

दर्शनानंतर नळदुर्गावरून उमरग्याकडे आप्तांच्या घरीं जात असतां जळकोटाजवळ गाडी फारच अडखळूं लागली. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील या गांवीं एका वृद्ध मिस्त्रींचें दुकान होतें. झांकण उघडून त्यांनीं बराच वेळ हत्यारास हातच लावला नाहीं. मग विचारलें, "साहेब, तेल दिसतंय खरं, पण ते आलंय कुठनं, हे कुणी बघितलंय का?" आम्ही निरुत्तर झालों.

येथें थोडा खुलासा हवा. किर्लोस्करांचीं शेतांवरील जुनीं डिझेल इंजिनें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस इंजेक्टरावर वायर पाहिल्याचें आठवणार नाहीं. पंपाच्या दाबानेंच आंतली सुई उचलली जाई. 1997 सालापासून 'कॉमन रेल' पद्धत प्रवासी मोटारींत आली. तींत सुई केव्हां व किती वेळ उघडावी हें विजेचा संकेत ठरवितो. म्हणून आतां तेल आणि वीज यांचें शेजार घडलें आहे, व त्या शेजारांत भांडण लागलें म्हणजे अपराधी कोण हें ओळखावें लागतें.

मिस्त्रींनीं इंजिन बंद करून थंड होऊं दिलें व किल्ली काढून घेतली. कारण अशा कित्येक इंजेक्टरांच्या वायरींत बॅटरीपेक्षां पुष्कळ अधिक दाबाची वीज खेळते. मग तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपला. डिझेल असतें तर डाग चटकन् पसरून त्याचा उग्र वास सुटला असता, व संशय इंजेक्टराच्या माथ्यावरील परतीच्या बारीक नळीवर गेला असता. पेट्रोल असतें तर तें उडून गेलें असतें. पारदर्शक चिकट लेप असता, तर ओल येऊं नये म्हणून कोणीं मुद्दाम लाविलेलें तें ग्रीस ठरलें असतें. इंजेक्टराच्या बुडाशीं डांबरासारखी काळी खपली असती, तर खालचें तांब्याचें वायसर गळतें असें मानावें लागलें असतें. आमचा डाग जाड, काळा व निसरडा, म्हणजे इंजिनाचें तेल होतें.

पुढें त्यांनीं टोप्या सोडवून पाहिल्या. बाहेरून कोरडी व आंतून तेलकट टोपी असेल, तर तेल वायरीच्या पोटांतून, दिव्याच्या वातींत चढावें तसें, दुसऱ्याच एखाद्या गळक्या सेन्सरापासून आलेलें असूं शकतें. आमच्या टोप्या बाहेरून माखलेल्या व आंतून कोरड्या होत्या. तथापि एकीचें रबर तेलानें फुगलें होतें व तिची अडकण तुटली होती. तेल स्वतः विजेचें वाहक नव्हे. परंतु टोपी नीट न बसल्यामुळें संकेतच तुटत होता. थरथर होती ती याची!

आम्ही रॉकेलचा बोळा पुढें केला, तो त्यांनीं परत केला. विजेच्या जोडण्यांसाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानें सर्व साफ केलें, वाळविलें, तुटकी टोपी प्लास्टिकच्या पट्टीनें बांधिली, आणि "नळदुर्गापर्यंत जाऊन या" म्हणून सांगितलें. वाटेंत थरथर उरली नव्हती. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीच्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल आहे. नदी वरून वाहते आणि आंतली खोली कोरडी राहते. तो पाहून आमची पुतणी म्हणाली, "मग गाडीची टोपीच का भिजते?" प्रश्न रास्त होता, उत्तर जळकोटास परतल्यावर मिळालें. स्वच्छ केलेल्या इंजिनावर टॅपेट कव्हरच्या कडेपासून तेलाची एक ताजी बारीक रेघ निघून टोपीकडे उतरली होती. कव्हरचें पॅकिंग वाळून कडक झालें होतें. दुसरे दिवशीं उमरग्याहून पॅकिंग, रबर व टोपी आणवून बसविलीं. आंतला दाब वाढून तेल पुन्हां बाहेर फेंकलें जाऊं नये म्हणून इंजिनाची तुंबलेली श्वासनळीही साफ केली. एकंदर खर्च एका इंजेक्टराच्या किंमतीहूनही पुष्कळच कमी आला.

वाचकांनीं हें सर्व स्वतः करावें असें आमचें म्हणणें नाहीं. चालू इंजिनांत गळती बोटानें तर मुळींच चांचपूं नये. त्या नळ्यांतील डिझेल वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक दाबाखालीं असतें. बारीक धार कातडींतून आंत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें लागतें. परंतु प्रश्न तर आपण विचारूं शकतों : तेल कोणतें? तें आंत आहे कीं बाहेर? पुसून, चालवून, पुन्हां पाहिलें काय? या तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावरही इंजेक्टरच दोषी ठरला, तर तो अवश्य बदलावा.

गाडी घरीं आली. तिला भंगारांत घाला म्हणणारे धाकटे बंधु आतां दर रविवारीं विजेरी घेऊन झांकण उघडतात, आणि थोरले ओसरीवरून विचारतात, "कोरडें आहे ना रे?"