पुठ्ठ्याचे मोहेंजोदडो आणि तेरचे कापड

सहावीच्या वर्गात हडप्पा संस्कृती आली, की घरोघरी पुठ्ठ्याची महास्नानगृहे उभी राहतात. (बहुधा ती पालकच उभारतात, ते असो.) उपक्रम देखणा खरा, पण ‘हे आपल्याला कळले कसे?’ हा इतिहासाचा मूळ प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

सोलापूरच्या शिक्षकाने त्यासाठी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरकडे वळावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक लेखकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याचे नोंदले आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादले.

मुलांपुढे एवढा मजकूर, नकाशा आणि दोरा ठेवावा. सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या गाडीला हे झेपते का, ते घरी बैल असलेला मुलगा शिक्षकापेक्षा नेमके सांगेल. कापडाच्या गठ्ठ्याचे वजन यंत्रमागावाल्याची मुलगी सांगेल. मग कुणीतरी म्हणेलच, तेर पूर्वेस नाही, आग्नेयेस आहे! लेखक चुकला, ऐकीव लिहीत होता, की आपणच गाव चुकीचे धरले? साहित्याचे अध्यापक ज्याला संहितेची चिकित्सा म्हणतात, ती याहून वेगळी नाही. आपण मात्र ती एम.ए.पर्यंत लांबणीवर टाकतो.

सहल त्यानंतर न्यावी. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीतील पाँपेईत सापडली आहे. ती तिथे कशी पोहोचली, यावर परतीच्या एसटीत वाद जुंपेल.